गुग्गुळाचं झाड का मरतंय: कच्छमधलं एक प्रकरण

त्रिफळा गुग्गुळ, योगराज गुग्गुळ, कैशोर, कांचनार, गोक्षुरादी... घरात कोणाला सांधेदुखी किंवा वजनाची तक्रार असेल तर यातली एक तरी डबी कपाटात निघतेच. गुग्गुळ म्हणजे एका झाडाच्या खोडातून निघून वाळलेला चीक. पण ते झाड पाहिलंय का विचारा, भलेभले गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नाही म्हणा, हे झाड आपल्याकडचं नाहीच मुळी. ते कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तान या कोरड्या पट्ट्यातलं. आणि झाड म्हणायलाही जरा अवघडच आहे, पुरुषभर उंचीचं, फार तर थोडं वर गेलेलं, वाकडंतिकडं काटेरी झुडूप, फांदीचं टोकच काट्यासारखं अणकुचीदार, खोडावरची साल कागदासारखी सुटून लोंबते आणि वर्षातले बरेच महिने अंगावर पान नाही. नवखा माणूस बघून म्हणेल वाळलंय, तोडा सरपणाला.

शास्त्रीय नाव कॉमिफोरा वाइटाय, जुन्या पुस्तकांत कॉमिफोरा मुकुल. बोळ म्हणजे हिराबोळ ज्या झाडाचा तो याचा सख्खा भाऊ, आणि साळई, अरबी लोबान हे चुलत घराणं. २०१५ मध्ये आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींची ती रेड लिस्ट काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था, याला 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' या गटात टाकलं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे जंगलातून नामशेष. आता प्रश्न असा की ज्या मालाला अडीच-तीन हजार वर्षं गिऱ्हाईक आहे त्याचं झाड गेल्या काही दशकांतच का संपायला लागलं? इतकी वर्षं लोक चीक काढत नव्हते का? काढत होते की. मग बदललं काय, तेच या प्रकरणात बघायचंय. मी कच्छवर जास्त बोलणार आहे, लखपत, नखत्राणा, अबडासा हा भाग, कारण गुग्गुळाची सगळी गोष्ट तिथे एकाच जागी बघायला मिळते.

आधी माल काय आहे ते बघू. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात गुग्गुळावर एक छोटं सूक्त आहे, ज्याच्यापर्यंत या औषधाचा सुगंध पोचतो त्याला यक्ष्मा अडवत नाही अशा अर्थाचं, आणि त्यातच 'सैंधव' गुग्गुळ म्हणजे सिंधूकडचा आणि दुसरा समुद्रावरून आलेला असे दोन उल्लेख आहेत. म्हणजे तेव्हाही माल कुठून येतो ही चौकशी होतीच! पहिला वापर धुपाचा. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत आणि बाळाला आंघोळीनंतर जी धुरी देतात त्यात ओवा, शेपा, वेखंड, ऊद यांच्याबरोबर गुग्गुळाचा खडा असायचा, अजून बऱ्याच घरांत असतो. जुन्या वाड्या-मंदिरांच्या चुन्यातही गूळ, बेलफळाचं पाणी आणि गुग्गुळ घालायची पद्धत होती, आज जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे लोक पुन्हा तेच करतायत.

औषधाच्या बाजूने भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात याचे पाच प्रकार दिलेत, महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य. पहिले दोन हत्तींसाठी, पुढचे दोन घोड्यांसाठी आणि हिरण्य म्हणजे सोनेरी तो माणसांसाठी. गंमत अशी की दुकानात आज 'म्हैसाक्ष' म्हणून विकतात तो खरं तर हत्तीच्या खात्यातला. आणि ताजा गुग्गुळ अंग भरतो, जुना मेद खरवडतो असाही भेद आहे, त्यामुळे वजन उतरवायला नवा गुग्गुळ देऊ नये असं जुने वैद्य सांगतात.

काष्ठौषधीच्या दुकानात गुग्गुळ मागितला की दोन माल पुढे येतात. एक काळपट, मऊ, बोटाला चिकटणारा लगदा, त्यात सालीचे तुकडे, वाळू, कधी कधी केसही. दुसरा स्वच्छ कण, पिवळट-तपकिरी, फोडला की आतून चमकतो. भावात भरपूर फरक. हा कण घेऊन गरम पाण्यात टाका, हळूहळू ते पाणी दुधासारखं होतं. निखाऱ्यावर टाकला की पेटतो, उन्हात ठेवला की वितळायला लागतो. या तिन्ही परीक्षा जुन्या ग्रंथांतल्या आहेत आणि त्या बरोबर का चालतात तेही सरळ आहे, गुग्गुळात पाण्यात विरघळणारा डिंक, न विरघळणारी राळ आणि उडून जाणारं तेल असं तिन्ही एकत्र असतं, म्हणून पाण्यात दूध होतं आणि आगीत जळतं. साधा बाभळीचा डिंक पेटणार नाही आणि नुसत्या राळेचं दूध होणार नाही. या परीक्षांचा मुद्दा पुढे लागणार आहे, डोक्यात ठेवा.

गोळी करायच्या आधी शोधन करतात, म्हणजे गुग्गुळ फडक्याच्या पोटलीत बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात लटकत ठेवून उकळायचा, गुग्गुळ फडक्यातून काढ्यात उतरतो आणि साल-माती पोटलीत राहते. मग तो आटवायचा, वाळवायचा आणि मग तुपाचा हात लावत लावत खलात कुटायचा. ज्यांनी हाताने कुटलाय त्यांना विचारा, खांदे भरून येतात.

आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. गुग्गुळ हा केशरासारखा चिमूटभर घालायचा पदार्थ नाही. शार्ङ्गधर संहितेत त्रिफळा गुग्गुळाचं प्रमाण दिलंय, त्रिफळा चूर्ण तीन पल (पल हे वजनाचं जुनं माप), पिंपळी एक पल आणि गुग्गुळ पाच पल. म्हणजे नवातले पाच भाग गुग्गुळ. तो औषधही आहे आणि गोळी बांधणारा चिकटाही तोच. आता हिशोब करा, एखादा माणूस पाव ग्रॅमच्या चार गोळ्या रोज घेतो, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम, त्यात साधारण ०.५५ ग्रॅम गुग्गुळ, वर्षाचे झाले दोनशे ग्रॅम. हा शुद्ध केलेला. कच्चा माल यापेक्षा जास्त लागणार कारण त्यात साल-माती आहे. आणि एका झाडापासून एका हंगामात मिळतं किती, तर साधारण २०० ते ५०० ग्रॅम. म्हणजे एका पेशंटच्या वर्षभराच्या गोळ्यांना जवळपास एक अख्खं झाड लागतं, आणि ते झाड चीक द्यायच्या लायकीचं व्हायला आठ-दहा वर्षं जातात. हे गणित एकदा कागदावर मांडलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. 

मग मागणी कधी वाढली? इथे आपल्या विज्ञानाचा एक खरोखर चांगला भाग येतो. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी प्रबंध लिहिला. मेदोरोगाचं, म्हणजे अंगात चरबी साचण्याच्या विकाराचं, जे वर्णन आयुर्वेदात आहे ते आजच्या कोलेस्टेरॉल आणि धमन्या अरुंद होण्याशी जुळतं का हे धरून त्यांनी सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातली चरबी उतरते असं दाखवलं. (याच बाई पुढे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, महासंचालक झाल्या.) मग १९७२ मध्ये आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, म्हणजे पाषाणच्या एनसीएलमधून, डॉ. सुख देव यांच्या गटाने गुग्गुळातल्या स्टेरॉइडांचं रसायनशास्त्र छापलं, गुग्गुलस्टेरॉन हे नाव तिथून रुळलं. लखनौच्या सीडीआरआयने, म्हणजे केंद्रीय औषध संशोधन संस्थेने, त्यावर अर्क तयार केला, गुगुलिपिड, आणि १९८६-८७च्या सुमारास त्याला कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून भारतात परवानगी मिळाली. ग्रंथ, प्रयोगशाळा, कारखाना अशी सरळ रेघ आपल्याकडे फार कमी औषधांची दाखवता येते, त्यामुळे आयुर्वेदवाले गुग्गुळाचं उदाहरण अभिमानाने देतात आणि ते योग्यच आहे.

पुढे अमेरिकेत हर्बल सप्लिमेंटची लाट आली, २००२ मध्ये सायन्स या नियतकालिकात गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या रिसेप्टरला अडवतं असा पेपर आला, म्हणजे काम कसं होतं याचंही उत्तर मिळाल्यासारखं झालं. आणि पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी १०३ माणसांवरची आठ आठवड्यांची चाचणी छापली, त्यात गुगुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी व्हायच्या ऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलं आणि सहा जणांना अंगावर पुरळ आलं. मोठा धक्का होता तो. इकडून उत्तर आलं की अर्क म्हणजे गुग्गुळ नव्हे, अमेरिकन आहार वेगळा, वैद्य प्रकृती बघून देतो वगैरे. त्यातलं काही पटतं, काही सारवासारव वाटते. पण झाडाच्या बाजूने बघितलं तर या निकालाने फारसं काही बदललं नाही. कारण कोलेस्टेरॉलची गोळी खपो न खपो, योगराज आणि त्रिफळा गुग्गुळ चालूच, आणि वर बघितलं तसं या गोळ्यांत गुग्गुळाचाच वाटा मोठा.

आता शेतावर, म्हणजे माळावर जाऊ. चीक काढायचा हंगाम थंडी सुरू झाली की लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. झाड तेव्हा निष्पर्ण असतं. खोडाच्या सालीत रेझिनच्या बारीक नळ्या असतात, साल आडवी चिरली की त्यातून पिवळसर पांढरा चीक ठिपकत बाहेर येतो आणि हवा लागून घट्ट, तपकिरी होतो. दहा-पंधरा दिवसांनी खरवडून घ्यायचा. चीर सालीपुरतीच राहिली तर जखम भरून येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा चीक मिळतो. खोल गेली, सालीखालचा वाढीचा थर कापला गेला, की जखम भरत नाही, बुरशी-किडे शिरतात आणि ती फांदी किंवा अख्खं झाड वाळतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण हाताने मारलेल्या चिरीतून चीक थोडा येतो, आणि दिवसभर काटेरी झुडपांत फिरणाऱ्या माणसाला तेवढ्यात परवडत नाही. म्हणून एक युक्ती रुळली, घोड्याचं किंवा रानगाढवाचं मूत्र, मोरचूद आणि गुग्गुळ यांचा लेप करून चिरीभोवती लावायचा. झाड जणू जिवावर उदार होऊन चीक सोडतं, एका हंगामात भरघोस माल निघतो, आणि मग झाड मरतं. हे काही लपून केलेलं नाही, त्यावर लिहिलेल्या शोधनिबंधांत सरळ वर्णन आहे. सिंधच्या बाजूला थरपारकर, नगरपारकरकडेही रसायन लावून चीक काढण्यावरून हीच ओरड आहे. कच्छच्या रणाच्या दोन्ही काठांना एकच रोग.

लगेच गोळा करणाऱ्याला शिव्या द्यायची आपल्याला सवय आहे, ती जरा बाजूला ठेवू. तो माळ त्याच्या मालकीचा नाही. आज त्याने झाड राखलं, हलकी चीर मारली, थोडा चीक घेतला आणि घरी गेला, तर उद्या दुसरा येऊन लेप लावून उरलेलं काढून नेणार. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं?

बरं, झाडं मेली तर नवी येतील की, असं वाटू शकतं. इथे गुग्गुळाचा स्वभाव आडवा येतो. या जातीत नर झाडं अगदी दुर्मीळ, बहुतेक सगळ्या माद्या, आणि त्या परागीभवन न होताच बी धरतात. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हे नीट दाखवलं. म्हणजे बी आईचीच हुबेहूब प्रत. एरवी असं करणारी झाडं बिनधास्त पसरतात, हे मात्र तसं करत नाही, कारण बी उगवायचं प्रमाण कमी, उगवलं तर कच्छच्या पावसात जगायचं, जगलं तर शेळ्या-मेंढ्यांपासून वाचायचं, आणि वर गांडो बावळ. विलायती बाभूळ हो, प्रोसोपिस, तिने कच्छचे किती माळ गिळलेत ते तिथे जाऊन आलेल्याला सांगायला नको. सगळीकडे एकाच साच्याची झाडं असल्यामुळे एखादा रोग आला तर तोंड द्यायला वेगळं रक्तही नाही.

उपाय झाले नाहीत असं नाही. ऐंशीच्या दशकात इथेफॉन नावाचं रसायन वापरून चीक वाढवायची पद्धत निघाली, त्यात नेहमीपेक्षा वीसपट नि जास्त चीक मिळाल्याचे आकडे आहेत, जोडीला रबराच्या झाडाला वापरतात तसली बारीक चिरीची सुरी. विचार चांगला होता, की कमी जखमेत जास्त माल मिळाला तर लेप कोण लावेल. पण मला हे औषध दुधारी वाटतं. वीसपट चीक म्हणजे झाडाच्या साठ्यातून वीसपट काढून घेतलं, तेही पानं नसताना, आणि मात्रा किती हे प्रयोगशाळेत ठरतं, माळावर नाही. ज्याच्या हातात सुरी आहे त्याला झाड पुढच्या वर्षी जिवंत राहण्यात काही मिळणार नसेल तर इथेफॉन काय नि मोरचूद काय.

दुसरा उपाय लागवडीचा. छाटकलमाने गुग्गुळ बऱ्यापैकी लागतो, पावसाळ्याच्या तोंडाला अंगठ्याएवढ्या जाडीच्या काड्या लावायच्या. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं अनुदान आहे, गुजरातच्या वनविभागाने कच्छमध्ये लागवड केली, आणंदजवळ बोरियावीला औषधी वनस्पतींची जी केंद्रीय संस्था आहे तीही यावर काम करते. अडचण रोपांची नाहीच. अडचण त्या आठ-दहा वर्षांची आहे. शेतकऱ्याने इतकी वर्षं जमीन अडकवायची, राखण करायची, आणि शेवटी माल विकायला नेला की त्याला भाव मिळणार माळावरून ओरबाडून आणलेल्या मालाचाच. एरंडी किंवा कापूस सोडून हे कोण करेल?

इथेच त्या तीन परीक्षा आठवा. दूध होतं का, पेटतो का, वितळतो का. यातून खरा-खोटा कळतो, साळईचा डिंक किंवा दुसऱ्या कॉमिफोराची भेसळ काही प्रमाणात पकडता येते, आज त्यावर लॅबच्या टेस्टही आहेत. पण ज्या झाडाचा हा चीक आहे ते जिवंत आहे का मेलं, हे कुठलीच परीक्षा सांगत नाही. लेप लावून काढलेला गुग्गुळ आणि राखून काढलेला गुग्गुळ दुकानात एकाच पोत्यात. गोळा करणाऱ्याकडून गावचा व्यापारी, त्याच्याकडून मोठा व्यापारी, मग कारखाना, मग वैद्य, मग आपण, या साखळीत झाड मेल्याचा तोटा एकाच्याही वहीत लिहिला जात नाही. माझ्या मते सगळं प्रकरण या एका गोष्टीवर अडलंय, बाकी जनजागृती वगैरे ठीक आहे.

आणि तुटवडा असून दुकानं रिकामी का झाली नाहीत, तर बराच माल बाहेरून येत राहिला, मुख्यतः पाकिस्तानातून. म्हणजे कच्छ आटलं तरी गिऱ्हाइकाला कळलंच नाही, ओझं नुसतं रणापलीकडच्या झाडांवर सरकलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लागलं आणि मे २०२५ मध्ये तिकडून येणाऱ्या सगळ्या मालावर पूर्ण बंदी आली, दुसऱ्या देशातून फिरवून आणायलाही. राजकारण आपल्या जागी. पण राहिलेल्या कच्छी-राजस्थानी झाडांवर आता डोळा वाढणार आणि पोत्यात भेसळही वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग करायचं काय? गोळा करणाऱ्या गावालाच ठरावीक माळाचा लेखी हक्क मिळाला, ही झाडं तुमची, पुढची वीस वर्षं तुमचीच, तर लेप लावणाऱ्याला तेच लोक पळवून लावतील, मला यात शंका वाटत नाही. दुसरं, मोठ्या औषध कंपन्यांनी लागवडीचा गुग्गुळ आठ-दहा वर्षं आधीच ठरलेल्या भावाने उचलायचा करार केला पाहिजे, उसाला कारखाना आगाऊ उचल देतो त्या धर्तीवर. गोळीची किंमत वाढेल, वाढू दे. एका माणसाच्या वर्षभराच्या गोळ्यांमागे एक झाड उभं आहे तर ती आजच्या भावात मिळते हेच मुळात नवल आहे.

आणि आपल्या पातळीवर एक गोष्ट लगेच करता येते. वैद्यांनी लिहून दिला असेल तर गुग्गुळ जरूर घ्या, मनाने मात्र सुरू करू नका, थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर नक्कीच नाही, आणि गरोदरपणात तर अजिबात नको. पण रोज संध्याकाळी घरात धूर फिरवायला गुग्गुळ कशाला हवा? वासासाठी राळ आहे, ऊद आहे, आपल्या सातपुड्यातल्या साळईचा डिंकही आहे, निखाऱ्यावर छान दरवळतो. फक्त तिथेही चिरा खोल मारल्याने झाडं वाळतायत, तेव्हा साळई घेताना पोतंभर नको, खडाभर पुरे होतो. बाळाच्या धुरीचं म्हणाल तर आजकाल बालरोगतज्ज्ञ बंद खोलीत तान्ह्या बाळाला धूरच नको म्हणतात, मग तिथला गुग्गुळ तर वाचलाच.